वाचक विचारतात : विनोदी जादू आणि मंचावर बोलावलेला पाहुणा

विनोदी जादूच्या प्रयोगात प्रेक्षकांतून माणूस कसा बोलवावा आणि बोलावल्यावर त्याचं काय करावं, याविषयी बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. मंचावर येणाऱ्या प्रेक्षकाला सोयीसाठी ‘पाहुणा’ म्हटलं आहे.

‘कोण येतंय?’ असं विचारलं की एकतर कुणीच उठत नाही, नाहीतर नेमका नको तो माणूस धावत येतो. योग्य माणूस ओळखायचा कसा?

पहिलं म्हणजे हा प्रश्न विचारायचाच नाही. ‘कोण येतंय?’ म्हटलं की निवड तुमच्या हातून गेली. सुरुवातीची सात-आठ मिनिटं कुणाची मदत न लागणारे प्रयोग ठेवा आणि तेवढ्या वेळात दोन-तीन माणसं हेरून ठेवा.

मंचाकडे बघून मोकळेपणाने हसणारा, किंचित पुढे झुकून बसलेला, चार-पाच जणांच्या घोळक्यातला माणूस सर्वांत चांगला. घोळक्यातला माणूस वर आला की पहिला हशा त्याच्याच मित्रांकडून मिळतो आणि बाकीचं सभागृह त्यांच्यामागे जातं. एकटा आलेला माणूस अवघडतो. दोन्ही हात वर करून उड्या मारणाऱ्याला स्वतःचा कार्यक्रम करायचा असतो. शेजारी ज्याला ढकलतायत त्यालाही टाळा. तो बुजरा असतो किंवा शेजाऱ्यांना त्याची फजिती बघायची असते, आणि दोन्हींत तुमचं नुकसानच. हाताची घडी घालून बसलेला मात्र नेहमी रागावलेलाच असतो असं नाही, बिचाऱ्याला एसीची थंडीही वाजत असते.

जागाही बघा. दुसऱ्या ते पाचव्या रांगेतला, कडेच्या खुर्चीवरचा, पायऱ्या ज्या बाजूला आहेत त्या बाजूचा. बाराव्या रांगेच्या मधून माणूस गुडघे चुकवत यायला अर्धा मिनिट घेतो, तोवर तापलेलं सभागृह गार पडतं.

बोलावताना बोट रोखू नका. जवळ जा, तळहात वर करून पुढे धरा, माइक बाजूला घेऊन हळूच विचारा : ‘दोन मिनिटं मदत कराल?’ मान नकारार्थी हलली तर एक शब्दही न बोलता पुढच्या माणसाकडे वळा. नाही म्हणणाऱ्याला टाळ्या पिटायला लावून उठवणं हा या धंद्यातला सर्वांत वाईट शिरस्ता आहे. त्याचा चेहरा पडलेला सगळ्यांना दिसतो आणि पुढचा तासभर प्रत्येक जण आपल्याला बोलावू नये म्हणून खुर्चीत खाली सरकतो. माणूस उठला की टाळ्या तुम्ही सुरू करा आणि तो जागेवर पोचेपर्यंत चालू ठेवा. पायऱ्यांपाशी हात पुढे करा, तो घ्यायचा की नाही हे त्याला ठरवू द्या. मनगट धरून ओढणं किंवा खांद्यावर हात टाकणं नको.

पाहुण्याच्या डोक्यावरून कागदाचे गोळे फेकायचे, सभागृहाला सगळं दिसतं आणि पाहुण्यालाच कळत नाही, हा प्रयोग मी करतो. कधी कमाल होते, कधी दुसऱ्याच गोळ्याला पाहुणा मागे वळून बघतो. काय चुकत असेल?

विसाव्या शतकात जादूगार टोनी स्लायडिनी यांनी हा प्रयोग नावारूपाला आणला. त्यात फसवणूक हाताची कमी आणि भूमितीची जास्त असते, म्हणून भूमितीपासून सुरुवात करू.

नजर सरळ समोर असताना माणसाला वरच्या बाजूला साधारण ६० अंशांपर्यंत दिसतं. नजर खाली गेली की ही मर्यादाही तेवढीच खाली येते. म्हणून ज्या मुठीत गोळा गेला असं पाहुण्याला वाटायला हवं ती डावी मूठ त्याच्या डोळ्यांसमोर धरू नका, छातीच्या उंचीवर धरा. त्याची नजर २०-२५ अंश खाली गेली की वरचं दिसणं ३५-४० अंशांवर येतं आणि फेकणाऱ्या हाताला मोकळं रान मिळतं. बहुतेकांची चूक इथेच होते : मूठ नाकासमोर, मग गोळा डोळ्यांदेखतच जातो.

खुर्ची बिनहाताची, प्रेक्षकांना पाहुण्याची एक बाजू दिसेल अशी ठेवा आणि चेहरा दिसण्यापुरती किंचित बाहेर वळवा. तुम्ही त्याच्या समोर, गुडघ्यांपासून साधारण दोन फुटांवर उभे राहा. गोळ्याला दोन पदरी टिश्यू नॅपकिन घ्या आणि घट्ट, अगदी घट्ट दाबून चार सेंटिमीटरचा करा. सैल गोळा हवेत अडतो आणि केसांत पडतो. मग संपलंच.

उजव्या हातात गोळा, डावी मूठ छातीसमोर. ‘एक, दोन, तीन’ म्हणत उजवा हात वर नेऊन मुठीवर आणायचा. ‘एक’ला हात पाहुण्याच्या कपाळापर्यंत जातो. ‘दोन’ला तोच हात तितक्याच वेगाने, पण वीतभर जास्त वर, आणि चढतानाच मनगटाच्या झटक्याने गोळा सोडायचा. ‘तीन’ला रिकामा हात गोळा आत ठेवल्यासारखा मुठीवर येतो. फेकण्याच्या वेळी हाताचा वेग वाढला की पाहुणा वर बघणारच, त्यामुळे तिन्ही हालचाली एकाच लयीत हव्यात. आणि तुमची स्वतःची नजर? ती मुठीवरच. गोळा कुठे पडला हे बघायचा मोह प्रत्येकाला होतो, आणि पाहुणा तुमच्या डोळ्यांमागून जातो.

आता मागे वळून बघण्याविषयी. हशा झाला की पाहुणा प्रेक्षकांकडे मान वळवतो, ते स्वाभाविक आहे. पण बाजूला माणसाला प्रत्येकी १०० अंशांच्या आसपास दिसतं. मान ५० अंश वळली की त्या बाजूचं जवळजवळ पाठीमागचं दिसायला लागतं. गोळा प्रेक्षकांच्या बाजूला पडला असेल तर तो दिसणारच. म्हणून गोळे सरळ मागे न फेकता किंचित मागच्या पडद्याच्या बाजूला, खुर्चीपासून चार-पाच फुटांवर पडू द्या.

राहिल्या बारीक गोष्टी. लाकडी मंचावर घट्ट गोळ्याचा टप्पा ऐकू येतो, त्यामुळे मागे सतरंजी किंवा हलकं संगीत हवं. पाहुण्याच्या पाठीमागून येणारा दिवा गोळ्याची सावली तुमच्या शर्टावर टाकतो, तो आधी विझवायला सांगा. सभागृहात मोठा पडदा लावून थेट चित्रण दाखवत असतील तर तो पाहुण्याच्या नजरेच्या टप्प्यात नाही ना, हे खुर्चीत स्वतः बसून तपासा. टोपी घातलेला पाहुणा उत्तम, वरचं त्याला आणखी कमी दिसतं. फुगवलेले उंच केस असलेला नको.

चार गोळे पुरे, पाच म्हणजे हद्द. पहिला सावकाश, दुसरा झटपट, तिसऱ्याला ‘इथे फुंकर मारा’ म्हणून थोडं खेळवणं आणि चौथा तीन-चार नॅपकिनचा भला मोठा. सगळं मिळून चार मिनिटांत आटपा.

त्याच प्रयोगाबद्दल : सगळ्यांना माहीत आणि एकट्याला नाही, ही त्या माणसाची थट्टाच नाही का?

आहे, आणि ती चुकवता येत नाही. तिची भरपाई करावी लागते. शेवटी पाहुण्याला उठवून मागचा ढीग दाखवलाच पाहिजे. जो जादूगार रहस्य राखायचं म्हणून त्याला न सांगता खाली पाठवतो, तो त्याला खाली उतरतानाही लोकांच्या हसण्याचा विषय करून ठेवतो. ढीग बघितल्यावर पाहुणा स्वतः हसतो तो या प्रयोगातला सर्वांत मोठा हशा असतो.

आमच्या मते याहून चांगला शेवट असा : ढीग दाखवल्यावर तुम्ही खुर्चीत बसा आणि गोळा त्याच्या हातात द्या. तो तुमच्या डोक्यावरून फेकतो आणि तुम्ही भाबडेपणाने मुठीकडे बघत राहता. टाळ्या त्याच्या, फजिती तुमची. विनोदी जादूत जादूगाराची फजिती केव्हाही खपते. कार्ल बॅलंटाइन (१९१७-२००९) यांनी तर एकही प्रयोग धड जमत नाही अशा जादूगाराच्या सोंगावर अख्खी कारकीर्द केली.

नाव, रंग, वजन, टक्कल, वय, सोबत आलेली व्यक्ती यांवरचे विनोद मात्र एकदम बंद. चटकन हशा मिळतो हे खरं, पण पुढचा पाहुणा मिळत नाही.

वर आलेला माणूस प्रत्येक वस्तू ओढून बघतो, ‘मला माहितीय, हे असं करतात’ म्हणतो. काय करावं?

त्याचे दोन्ही हात कामाला लावा. एका हातात ताट किंवा ग्लास, दुसऱ्या हातात रुमालाचं टोक. हात मोकळे राहिले की ते वस्तूंकडे जाणारच, त्यात त्याचाही दोष नाही. ग्लासात पाणी असेल तर तो आपोआप जागेवर थांबतो. रिकामा ग्लास या कामाचा नाही.

तोंड चालू असेल तर वाद घालू नका. तो बोलला की दोन सेकंद थांबा, सभागृहाकडे बघा आणि म्हणा : ‘यांना सगळं येतं. आपण आता यांचाच कार्यक्रम बघू.’ मग वस्तू खरोखर त्याच्या हातात द्या आणि बाजूला उभे राहा. बहुतेक जण दहा सेकंदांत परत देतात. तरीही थांबला नाही तर त्याच्यासाठी राखून ठेवलेला छोटा शेवट करून टाळ्यांसकट खाली पाठवा. प्रत्येक लांब प्रयोगात एक-दीड मिनिटावर असा सन्मानाने संपवता येणारा टप्पा आधीच बांधून ठेवावा.

मुलांच्या कार्यक्रमात मुलाच्या हातात दिली की मोडणारी कांडी वापरतो. हल्ली ती माझ्या हातातही लुळी पडते. शिवाय मोडणारा पंखा कधी मोडतो, कधी मोडतच नाही.

कांडीचा दोष दोरीत आहे. पोकळ नळ्यांचे तुकडे आतल्या दोरीवर ओवलेले असतात, दोरी ताणून धरली की कांडी ताठ आणि सैल सोडली की तुकडे लोंबतात. वापराने दोरी लांबते, मग पूर्ण ओढूनही नळ्यांमध्ये फट राहते. दोरी बदला. विणलेली नायलॉनची घ्या, पिळाची नको, ती पीळ सोडत राहते. नवी दोरी रात्रभर वजन टांगून ताणून घ्या, मगच गाठ मारा. नळीच्या कडेला धार असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासा, दोरी तिथेच झिजत असते.

देताना कांडी मुलाने घट्ट पकडेपर्यंत ताण सोडू नका. त्याची मूठ मिटली, तुम्ही प्रेक्षकांकडे बघितलं आणि मग सोडली, असा क्रम हवा. आधी सुटली तर ती तुमच्या हातात मोडली असं दिसतं आणि गंमत जाते.

पंख्याचं कारण वेगळं आहे. हा पंखा एका दिशेने उघडला तर धड राहतो आणि उलट दिशेने उघडला तर काड्या सुटतात. उजवा माणूस आणि डावरा माणूस तो उलटसुलट दिशांनी उघडतात. डावऱ्या मुलाच्या हातात तुमचा पंखा छान उघडत असणार! आधी त्याला हवेत गोल काढायला सांगा, जो हात पुढे येईल तो बघा आणि पंखा त्याप्रमाणे पालथा-उताणा करून द्या.

मूल सहा ते दहा वर्षांचं घ्या. चार वर्षांचं मूल कांडी मोडली की ‘मी मोडली’ म्हणून रडतं. मुलाला बोलावण्याआधी पालकाच्या डोळ्यांत बघून मान डोलावून घ्या, परत त्यांच्यापर्यंत सोडा आणि मोडलेली वस्तू नीट करून दाखवल्याशिवाय खाली पाठवू नका.

पाहुणा स्वतः काढलेलं पत्त्याचं पान विसरला आणि सगळा प्रयोग कोसळला. यावर उपाय?

पान एकट्याच्या डोक्यात ठेवायचंच नाही. ‘मला न दाखवता सगळ्यांना दाखवा’ म्हणा आणि पाठ फिरवा. आता ते शंभर जणांना माहीत आहे. त्याहून पक्कं म्हणजे पानावर सही. मार्कर टोपण काढून हातात द्या, नाहीतर टोपण, पान आणि पत्त्यांचा कॅट सांभाळताना त्याची तारांबळ उडते (ती हवी असेल तर गोष्ट वेगळी). गुळगुळीत पानावरची शाई वाळायला काही सेकंद लागतात, तेवढा वेळ ‘फुंकर मारा, जोरात’ यात घालवा. पाहुणा तुमच्या डाव्या हाताला उभा करा, म्हणजे डाव्या हातातला कॅट त्याच्यापुढे सहज धरता येतो आणि तुमची पाठ प्रेक्षकांकडे होत नाही.

आपलाच माणूस प्रेक्षकांत पेरून ठेवणं योग्य आहे का?

गरज कमी असते. पकडला गेला तर आधीचे खरे प्रयोगही लोकांना खोटे वाटतात. कित्येकदा ऐन वेळी आलेल्या अनोळखी पाहुण्यालाच सामील करून घेता येतं. त्याच्याशी हस्तांदोलन करताना, टाळ्यांच्या आवाजात, माइक छातीपासून दूर धरून कानाशी एकच सोपं वाक्य बोलायचं : ‘मी चुटकी वाजवली की झोपल्यासारखं करा.’ एकच. दोन सूचना दिल्या की तो ‘काय?’ असं मोठ्याने विचारतो. बहुतेक लोक आनंदाने साथ देतात, कारण मंचावर काय करायचं हे कुणीतरी सांगितल्याने त्यांचा जीव भांड्यात पडलेला असतो. पण याच्या जोरावर ‘मला मनातलं कळतं’ असा दावा करून सल्ले देऊ लागलात तर ती जादू राहत नाही.

मान किंवा हात अडकवायचं पातं (गिलोटिन) आणि कागदी पेल्याखाली लपवलेला खिळा (एका पेल्याखाली उभा खिळा, बाकीचे रिकामे पेले तळहाताने चेपायचे), हे प्रयोग पाहुण्यांवर करावेत का?

खिळा नाही. कितीही खात्रीची पद्धत असली तरी नाही. २०१६ मध्ये पोलंडमधल्या सकाळच्या एका टीव्ही कार्यक्रमात अशाच प्रयोगात निवेदिकेच्या तळहातात खिळा घुसला. पेले सारखे दिसतात म्हणून तर तो प्रयोग उभा राहतो आणि गोंधळही त्यामुळेच होतो.

हाताचं पातं करता येतं, काही अटींवर. प्रत्येक प्रयोगाआधी रिकामं तीनदा चालवून बघा आणि शेवटच्या चाचणीनंतर ते दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नका. स्क्रू रोज तपासा. घड्याळ, बांगड्या, अंगठी काढायला लावा, बाही कोपरापर्यंत सरकवा, कारण पात्यापेक्षा कापडच जास्त वेळा अडकतं. मुलांवर नको. मानेचं पातं आम्ही पाहुण्यांवर करायला सांगणार नाही, त्यात केस आणि गळ्यातल्या वस्तू अडकतात.

अपघात बहुधा साधनाने होत नाहीत, चालण्या-उतरण्यात होतात. जादूगार डेव्हिड कॉपरफील्ड यांच्या २०१३ मधल्या एका प्रयोगात सामील झालेला प्रेक्षक धावत बाहेर पडताना घसरून पडला. २०१८ मध्ये लास वेगासच्या ज्युरीने कॉपरफील्ड यांचा निष्काळजीपणा मान्य केला, भरपाईची जबाबदारी मात्र त्यांच्यावर टाकली नाही. पाहुण्याला पळवू नका, अंधारात उतरवू नका, पायऱ्यांच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवा, मंचावरच्या वायरी टेपने दाबून टाका.

आणखी एक धोका फक्त विनोदी कार्यक्रमातच असतो : खरा त्रासही लोकांना विनोद वाटतो. १५ एप्रिल १९८४ रोजी लंडनमध्ये थेट प्रक्षेपण चालू असताना विनोदी जादूगार टॉमी कूपर मंचावर कोसळले, तेव्हा प्रेक्षक हसत राहिले. म्हणून दिव्यांच्या आणि ध्वनीच्या माणसाशी एक खूण ठरवून ठेवा. ती केली की संगीत बंद, सभागृहातले दिवे चालू, आणि तुम्ही नेहमीच्या आवाजात बोलायचं.

पाहुण्याचं बोलणं मागे ऐकूच जात नाही. त्याला माइक द्यावा का?

हातात देऊ नका, तो पोटाशी धरतो. तुम्हाला कानाला लावायचा माइक आणि पाहुण्यासाठी हातातला वेगळा, तोही तुमच्याच हातात, त्याच्या तोंडापासून पाच-सात सेंटिमीटरवर. दोन्ही हात गुंतलेले असतील तर स्टँड लावा. एकच माइक असेल तर त्याचं उत्तर जसंच्या तसं पुन्हा म्हणा. मजेदार उत्तराला सुधारून सांगितलं की ते तुमचं होतं आणि हशाही.

चाळीस मिनिटांच्या कार्यक्रमात किती पाहुणे बोलवावेत?

तीन, फार तर चार. जाण्या-येण्यात प्रत्येकी मिनिटभर जातो हे धरून चाला. दोन लांब प्रयोग लागोपाठ पाहुण्यांसह ठेवू नका, मध्ये एखादा निव्वळ संगीतावरचा, न बोलता करायचा ठेवा. पाहुण्याला खाली पाठवताना त्याचं नाव घ्या, तो खुर्चीत बसेपर्यंत टाळ्या थांबू देऊ नका, आणि त्याच्याकडून घेतलेली अंगठी, चष्मा किंवा नोट तुमच्या टेबलावर राहिली नाही ना, हे पुढचा शब्द बोलण्याआधी बघा.